‘पिंगळावेळ’ : एक पुस्तक आणि पाच घरांची मते

नॉटिंगहॅममध्ये मराठी वाचणारी आमच्या समाजाची घरे बोटांवर मोजण्याइतकी. मराठी पुस्तक कोणाकडे आले की ते एका घरी टिकत नाही. ते भाजीच्या पिशवीतून दुसऱ्या घरी जाते, तेथून टपालाने लेस्टरला, लंडनला आणि कधी कोणाच्या सामानातून थेट अश्दोदला. गेल्या वर्षी असा प्रवास जी. ए. कुलकर्णी यांच्या ‘पिंगळावेळ’ या कथासंग्रहाने केला. पुस्तक परत आले तेव्हा त्यामागोमाग मतेही आली. ती इतकी उलटसुलट होती की ती वाचकांपुढे ठेवावीत, आणि आमचेही मत सांगावे, असे आम्हांस वाटले.

प्रथम लेखकाविषयी थोडे. जी. ए. यांचा जन्म १९२३ साली बेळगाव जिल्ह्यातील एकसंबा येथे झाला. आयुष्याची बहुतेक वर्षे त्यांनी धारवाडच्या कॉलेजात इंग्रजी शिकवले. १९८७ साली ते पुण्यात वारले. ‘निळासावळा’ (१९५९), ‘पारवा’ (१९६०), ‘हिरवे रावे’ (१९६२), ‘रक्तचंदन’ (१९६६) आणि ‘काजळमाया’ (१९७२) हे त्यांचे आधीचे संग्रह. नावांतले रंगच पाहावेत. निळ्यापासून निघालेला हा लेखक काजळापर्यंत येऊन पोहोचला. ‘काजळमाया’ला १९७३ सालचे साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले, आणि तेही त्यांनी परत केले. ‘पिंगळावेळ’ त्यानंतरचे, १९७७ सालचे.

मराठी मुलखाच्या दक्षिण टोकाचा हा लेखक. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली आणि धारवाड व बेळगाव दोन्ही तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेली. बाजारात कानडी, वर्गात इंग्रजी आणि लिहायला बसले की मराठी, असा त्यांचा दिवस जात असावा. आमच्या वाचकांना हे निराळे समजावून सांगायला नको. दुकानात इंग्रजी, प्रार्थनेत हिब्रू आणि स्वयंपाकघरात मराठी, असे आपणही जगत आलो आहोत.

आता मते. अश्दोदच्या मामींनी फोनवर सांगितले, “अगं, इतके सोसून आपण इथवर आलो. आता तेच दुःख पुस्तकातून कशाला वाचायचे?” लेस्टरच्या काकांचे मत नेमके उलट. अशी भरघोस मराठी शाळा सोडल्यापासून वाचली नव्हती, असे म्हणून त्यांनी दोन कथा काकूंना मोठ्याने वाचून दाखवल्या. लंडनच्या भाच्याचा आक्षेप विचारपूर्वक होता. सगळे दैवच ठरवणार असेल तर माणसाने करायचे काय? इयोबावर आकाश कोसळले, पण तो देवाशी भांडला तरी, आणि त्याला उत्तरही मिळाले. इथे विचारणाऱ्याला उत्तर देणारा कोणीच नाही.

चौथे मत शब्दांत आलेच नाही. आमच्या येथल्याच एका बाईंचे यजमान नुकतेच वारले होते. मन रमेल म्हणून आम्हीच आग्रहाने पुस्तक त्यांच्या हाती दिले. दोन कथा वाचून त्यांनी ते वर्तमानपत्रात गुंडाळून परत पाठवले. एरवी त्यांच्याकडून येणाऱ्या प्रत्येक पुस्तकाबरोबर चिठ्ठी असते. या वेळी ती नव्हती.

हा दोष पुस्तकाचा नव्हे, आमचा. तीस-बत्तीस वर्षे नर्सिंग केले. योग्य औषध चुकीच्या वेळी दिले तर काय होते, हे आम्हांस ठाऊक असायला हवे होते. मलिद्याला जमलेल्या बायकांत या पुस्तकाची चर्चा झाली तेव्हा त्या बाई उठून चहा ठेवायला आत गेल्या. तेव्हा कुठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला.

तरीही पुस्तकाची बाजू मांडलीच पाहिजे. पिंगळा म्हणजे सूर्य उगवण्यापूर्वी कंदील घेऊन दारोदार फिरणारा, भविष्य सांगणारा भिक्षेकरी. त्याची ती वेळ आम्ही नाइट ड्युटीवर फार पाहिली आहे. पहाटे चारच्या सुमारास वॉर्ड शांत होतो आणि पेशंट खरे बोलू लागतात. त्या वेळी ‘सगळे ठीक होईल’ म्हणून पुढच्या खाटेकडे जाणारी नर्स त्यांना नको असते, खुर्ची ओढून बसणारी हवी असते. जी. ए. तसे बसून राहणारे लेखक आहेत. ते बरे करण्याचे वचन देत नाहीत, पण तोंडही फिरवत नाहीत. मामी ज्याला नुसते दुःख म्हणतात, त्यात आम्हांस ही सोबत दिसते.

‘कैरी’ ही कथा पाहा. एक पोरका मुलगा मावशीच्या घरी येतो. मावशीच्याच संसाराचे धिंडवडे निघालेले आहेत. तरी जे काही थोडे तिच्यापाशी उरले आहे त्यातून ती त्याला माया देते. ही माया पुरी पडत नाही, हे कथा लपवत नाही. पण ती होती, हेही कथा विसरू देत नाही.

‘स्वामी’ या कथेत वाट चुकल्यासारखा एका मठात आलेला प्रवासी तेथे कायमचा कोंडला जातो. त्याला तेथे स्वामी म्हणून बसायचे असते. जमिनीखालच्या त्या खोलीत त्याची सोबत एका वेलीची. तो खाली राहतो आणि तिला वर उजेडाकडे जायला सांगतो. भाच्याच्या प्रश्नाला आमच्या मते हेच उत्तर आहे. दैव खोलीचे दार लावू शकते. वेलीला काय सांगायचे, हे मात्र त्या माणसाचे त्यानेच ठरवायचे असते.

दोषही सांगितले पाहिजेत. उपमांवर उपमा चढतात, आणि काही पाने पुन्हा मागे जाऊन वाचावी लागतात. लेस्टरच्या काकांना हीच श्रीमंती वाटली, आम्हांस काही जागी दागिन्यांखाली मान वाकलेली नवरी आठवली. ‘ऑर्फियस’ किंवा डॉन क्विक्झोटवरची ‘यात्रिक’ यांसारख्या कथांत विचार मोठा आहे, पण माणसे हाताला लागत नाहीत. ‘कैरी’तल्या मावशीचे घर मात्र दिसते, तिथल्या चुलीचा धूर डोळ्यांत जातो. आमचा कौल घरातल्या जी. एं.ना.

आमच्या गावापासून सात-आठ मैलांवर ईस्टवुड आहे, डी. एच. लॉरेन्सचे गाव. ‘ओडर ऑफ क्रिसॅन्थिमम्स’ या १९११ सालच्या त्याच्या कथेत खाणीत मेलेल्या नवऱ्याचे अंग त्याची बायको सासूबरोबर पुसून काढते, आणि या माणसाला आपण कधी ओळखलेच नाही, हे तिला तेव्हा उमगते. येथले लोक ती कथा आपली मानतात. ती वाचून कोणी म्हणत नाही की खाणीतले दुःख पुरे झाले, आता पुन्हा कशाला. आपल्याच भाषेतल्या दुःखाला मात्र आपण दाराबाहेर का ठेवावे? मामींना आम्ही हेच विचारले. त्या म्हणाल्या, “परक्याचे रडणे ऐकवते गं, आपल्याचे ऐकवत नाही.” यावर आमच्याकडे उत्तर नाही, आणि त्यांचे म्हणणे आम्ही खोटेही म्हणणार नाही.

वाचकांस आमची शिफारस एवढीच. पुस्तक हाती आले तर पहिल्या पानापासून सुरुवात न करता ‘कैरी’ आधी वाचावी, मग ‘स्वामी’. रात्री एकट्याने वाचू नये. शक्य तर कोणाला तरी वाचून दाखवावे. आमच्या नातवंडांना देवनागरी वाचता येत नाही, पण कानाने मराठी कळते. ‘कैरी’ची काही पाने त्यांना ऐकवली. धाकटीने मध्येच विचारले, “मग मावशी जेवली का?” साऱ्या टीकेत इतका नेमका प्रश्न आम्हांस सुचला नव्हता.

पुस्तक सध्या आमच्या कपाटात आहे. ज्यांना हवे त्यांनी कळवावे, टपालाने पाठवू. त्या बाईंकडे मात्र आम्ही आपणहून पाठवणार नाही. त्या मागतील तेव्हा स्वतः घेऊन जाऊ, आणि त्या म्हणतील तोवर बसू.