टीव्हीच्या बातमीतला कर्ता

आज मराठीत सगळ्यात जास्त ऐकलं जाणारं गद्य कुठलं? कादंबरी म्हणाल तर हसू येईल. संमेलनाध्यक्षांचं भाषण म्हणाल तर त्याहून जास्त. टीव्हीवरची बातमी हे ते गद्य. चहाच्या टपरीवर, न्हाव्याच्या दुकानात, सरकारी दवाखान्याच्या बाकड्यापुढं, आमच्या सूतगिरणीच्या कँटीनात सकाळपासनं रात्रीपर्यंत हेच लोकांच्या कानात ओतलं जातंय. अन् ह्या गद्याची समीक्षा कोण करतो? कुणी न्हाई. समीक्षक मंडळी अजून नवकवितेतल्या प्रतिमा मोजतायत. मोजू द्या.

मी रिंगफ्रेमवर काम करणारा माणूस. दहावीनंतर शाळा सुटली. व्याकरण शिकलो ते रद्दीवाल्याकडनं घेतलेल्या एका फाटक्या पुस्तकावरनं. त्यात एक साधी युक्ती दिलेली होती. वाक्यातलं क्रियापद पकडायचं आणि त्याला विचारायचं, हे करणारा कोण? उत्तर येईल तो कर्ता. गेली काही वर्षं मी टीव्हीच्या बातमीला एवढा एकच प्रश्न विचारतोय.

आता बघा. 'मंत्रिपद हुकल्यानं आमदार नाराज.' नाराज कोण? आमदार. सापडला कर्ता. 'साहेबांनी मौन सोडलं.' 'दादा अचानक नॉट रिचेबल.' 'भाऊ आपल्या फार्महाऊसवर.' प्रत्येक वाक्याला कर्ता आहे, कर्त्याला नाव आहे, आडनाव आहे, त्याच्या गाडीचा रंगसुद्धा आहे. आता पुढची बातमी ऐका. 'वस्तीत तणाव.' कुणी केला? 'सौम्य लाठीमार झाला.' कुणी केला? 'दोन गटांत वाद.' कुठले दोन? 'तरुणाचा मृत्यू.' जसा पाऊस झाला, तसा मृत्यू झाला. विचारून विचारून तोंड दुखतं, पण वाक्यातनं कर्ता काय बाहेर येत न्हाई. पुढाऱ्याच्या रुसव्याला कर्ता आहे, आमच्या पाठीवरच्या वळाला नाही. टीव्हीवरच्या मराठीबद्दल माझी मुख्य तक्रार ही आहे. बाकीच्या सगळ्या तक्रारी, म्हणजे आरडाओरडा, ढणाढणा संगीत, लाल अक्षरं, ह्या पांढरपेशांच्या तक्रारी आहेत. आम्ही साच्यांच्या आवाजात जगतो, आम्हाला आवाजाचं काय?

एक आठवडा घेतो, २०२४ च्या डिसेंबरातला. १० तारखेला परभणीत रेल्वे स्टेशनसमोर बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळची संविधानाची प्रतिकृती फोडली गेली. इथं कर्ता होता. पकडलाही गेला होता. त्याला टीव्हीनं काय नाव दिलं? 'माथेफिरू.' हा शब्द लई सोयीचा आहे. माथेफिरूला जात नसते, घर नसतं, तो कुठल्या हवेत वाढला ते कुणी विचारत नाही. ११ तारखेला लोक रस्त्यावर आले, बंद झाला, दगड पडले, जाळपोळ झाली. तेव्हा मात्र कर्ता तात्काळ मिळाला. 'जमाव.' जमावानं केलं, जमाव आक्रमक, जमाव बेभान. म्हणजे आपण एकेकटे मार खातो तेव्हा कर्म असतो, अन् सगळे मिळून ओरडतो तेव्हा एकवचनी कर्ता होतो!

मग पोलीस वस्त्यांत शिरले. घराघरातनं माणसं ओढून मारल्याच्या, बायाबापड्यांनाही न सोडल्याच्या तक्रारी झाल्या. टीव्हीच्या भाषेत त्याला 'कोंबिंग ऑपरेशन' म्हणतात. रानात श्वापदं शोधतात तसा शब्द. अटक झालेल्यांत वडार समाजातला एक पोरगा होता, कायद्याचं शिक्षण घेणारा. १५ डिसेंबरला तो न्यायालयीन कोठडीत गेला. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात कारण होतं, अनेक जखमांमुळं बसलेला धक्का.

आता त्याच १५ डिसेंबरला टीव्हीवर काय होतं? नागपूरच्या राजभवनात ३९ मंत्र्यांचा शपथविधी. ३३ कॅबिनेट, ६ राज्यमंत्री. आकडे मला पाठ झाले, कारण पाळी सुटल्यावर कँटीनात बसलो तेव्हापासनं उठेपर्यंत तेच चाललेलं. कुणाला फोन आला, कुणाला नाही आला. छगन भुजबळांना वगळलं. मग दोन-चार दिवस भुजबळांची नाराजी. नाराजी कुठल्या गाडीत बसली, कुठल्या गावाला गेली, काय बोलली. परभणीचं पोरगं खालच्या पट्टीत सरकत होतं. शेअर बाजाराच्या अन् हवामानाच्या मधनं. आमचा म्हातारा जॉबर, जो कधी राजकारणावर तोंड उघडत न्हाई, तो पट्टीकडं बघून म्हणाला, "ह्याची बॉबिन रिकामी झाली की काय, एवढ्या झपाट्यानं फिरवतायत?"

पुढं गंमत बघा. १७ डिसेंबरला राज्यसभेत अमित शाह बोलले की आंबेडकरांचं नाव घेणं ही आता फॅशन झालीय, एवढं देवाचं नाव घेतलं असतं तर स्वर्ग मिळाला असता. झालं! आता सगळ्या पडद्यांवर बाबासाहेब. १९ तारखेला संसदेच्या दारात खासदारांची ढकलाढकली, त्यात एक खासदार पडले, मग कोण कुणाला ढकललं ह्याच्यावर रात्रभर चर्चा. व्हिडिओ थांबवून, लाल गोल काढून कर्ता शोधत होते. मी म्हटलं, वा रे पठ्ठे! शोधायचा म्हटलं की येतो की तुम्हाला शोधायला. मग परभणीच्या कोठडीतला कर्ता शोधायला लाल गोल का नाही काढला?

त्या आठवड्यात बाबासाहेबांचं नाव टीव्हीवर जेवढं ऐकलं तेवढं वर्षभरात ऐकलं नसेन. अन् त्यांच्या संविधानासाठी रस्त्यावर उतरलेला, मेलेला पोरगा त्याच आठवड्यात पट्टीत. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस विधानसभेत म्हणाले की त्याला मारहाण झालेली नाही, श्वासाचा आजार होता. न्यायालयीन चौकशीही जाहीर केली. टीव्हीनं ते जसंच्या तसं वाचलं. २३ डिसेंबरला राहुल गांधी परभणीला गेले, तेव्हा कॅमेरे वस्तीत आले. गाडीमागनं आले अन् गाडीबरोबर गेले, मला तरी तसंच दिसलं.

त्या पोराच्या आईनं सरकारी मदतीकडं पाठ फिरवून कोर्टाची पायरी चढली. प्रकाश आंबेडकर तिच्या बाजूनं वकील म्हणून उभे राहिले. ४ जुलै २०२५ ला औरंगाबाद खंडपीठानं पोलिसांवर गुन्हा नोंदवायचा आदेश दिला, ३० जुलैला सर्वोच्च न्यायालयानंही त्यात हात घालायला नकार दिला. म्हणजे वाक्यात कर्ता घालायला एका आईला साडेसात महिने लागले. दिवसरात्र बातम्या देणाऱ्यांना ते जमलं नव्हतं.

कुणी म्हणेल, टीव्हीला ताकद कुठाय? आहे की! त्याच महिन्यात, ९ डिसेंबरला, बीड जिल्ह्यात मस्साजोगच्या सरपंचाचा खून झाला. मराठी वाहिन्यांनी तो विषय महिनोन् महिने सोडला नाही. कोण कुणाचा माणूस, फोन कुणाचा, गाडी कुणाची, सगळं बाहेर काढलं. ४ मार्च २०२५ ला धनंजय मुंडेंना मंत्रिपद सोडावं लागलं. चांगलं केलं, मी टाळ्या वाजवतो. पण म्हणूनच राग जास्त येतो. ज्याला लिहिता येत नाही त्याला आपण माफ करतो. ज्याला येतं आणि जो आपल्यापुरतं गाळतो, त्याला काय म्हणायचं?

'दोन गट' ह्या शब्दाचंही सांगतो. खैरलांजी २९ सप्टेंबर २००६ ला झालं. एका घरातली चार माणसं मारली. सुरुवातीला बातम्यांतनं 'अनैतिक संबंध' हा शब्द फिरत होता. विदर्भातली पोरं नोव्हेंबरात रस्त्यावर आली तेव्हा मोठ्या माध्यमांना जाग आली. मी तेव्हा अंगणवाडीच्या वयाचा, हे सगळं मागनं वाचलं. २००८ ला भंडाऱ्याच्या कोर्टानं सहा जणांना फाशी सुनावली, २०१० ला नागपूर खंडपीठानं ती २५ वर्षांच्या कैदेवर आणली, अन् दोन्ही कोर्टांना ॲट्रॉसिटीचा कायदा लावावासा वाटला नाही. जात वाक्यातनं पुसली की कायद्यातनंही पुसली जाते. 'दोन गट' म्हणणाऱ्या निवेदकाला वाटत असेल आपण निःपक्षपाती आहोत. मारणारा गट अन् मरणारा गट ह्यांच्या मध्ये उभं राहून तो तराजू धरतो.

२९ सप्टेंबर ही तारीख अशी की २०२० साली त्याच दिवशी हाथरसची मुलगी दिल्लीच्या दवाखान्यात गेली. त्याआधी जूनपासनं देशाच्या टीव्हीला एका नटाच्या मृत्यूशिवाय काही दिसत नव्हतं. पण त्या रात्री, घरच्यांना कोंडून पोलिसांनी तिला जाळलं तेव्हा, एक बाई बातमीदार कॅमेऱ्यापुढं पोलिसाला विचारत राहिली, हे काय जळतंय? पोलीस उत्तर देईना. तिनं पुन्हा विचारलं. एवढंच. माझ्या फाटक्या पुस्तकातला प्रश्न! टीव्हीवर मी ऐकलेलं ते सगळ्यात चांगलं वाक्य आहे. कवितेत असतं तर आपण पाठ केलं असतं.

आता रामदास आठवल्यांचं. ते पँथरच्या चळवळीतनं आलेले, २०१६ ला केंद्रात सामाजिक न्यायाचे राज्यमंत्री झाले. त्यांच्या राजकारणाशी माझं बिलकुल पटत नाही, पण तो वेगळा विषय. टीव्हीवर ते कधी दिसतात? यमक जुळवताना. २०२० मध्ये 'गो कोरोना'चा तुकडा किती वेळा दाखवला ते आठवा. यमकं वाईट असतात, हे मी कवी म्हणून सांगतो. पण सामाजिक न्यायाच्या मंत्र्यापुढं माईक धरायचा अन् शिष्यवृत्ती का अडकली, गटारात उतरून माणसं अजून का मरतात हे न विचारता म्हणायचं, "एक कविता होऊन जाऊ द्या!" ही विदूषकी एकट्या आठवल्यांची नाही. विचारणाऱ्याची अर्धी आहे. पुढं स्टुडिओत हसणाऱ्या निवेदकाचा वाटा धरला तर जास्तच. आणि आपलेही काहीजण, नावं घेत नाही, त्या सहा खिडक्यांतल्या एका खिडकीत बसायला तडफडतात. 'एक मिनिट, मला बोलू द्या' एवढं म्हणून घरी येतात अन् व्हिडिओ सगळ्या ग्रुपवर पाठवतात.

आषाढात वारीबरोबर बातमीदार चालतात. वरनं ड्रोन, खाली टाळ, म्हाताऱ्या माउलीची मुलाखत, तिच्या डोईवरची तुळस. बघायला मलाही आवडतं, आमच्या आळीतली माणसं जातात वारीला. पण ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो माणसं येतात, कडेवर पोरं घेऊन, शिवाजी पार्कवर पुस्तकांच्या राशी लागतात, मजुरी करणारा माणूस पुस्तकाला पैसे मोजतो. बातमी काय? 'दादर परिसरात वाहतुकीत बदल.' अलीकडं थोडं थेट दाखवतात, नाही असं नाही. पण वारीत 'माउली' आहे आणि चैत्यभूमीवर 'गर्दी' आहे. पुस्तक विकत घेणाऱ्या बाईला, "आजी, कुठलं घेतलं?" असं विचारणारा बातमीदार मला अजून भेटायचाय.

हे असं का, ह्याचं उत्तर गूढ नाही. १९९६ साली बी. एन. उनियाल नावाच्या दिल्लीच्या पत्रकाराला एका परदेशी बातमीदारानं विचारलं, एखादा दलित पत्रकार सांगा. उनियालनी शोध शोध शोधलं, एक सापडला नाही. तसं त्यांनी लिहिलं. २०१९ च्या ऑक्सफॅम आणि न्यूजलाँड्रीच्या पाहणीत बातम्यांच्या खोल्यांतल्या १२१ वरच्या जागा मोजल्या. १०६ जागी उच्चवर्णीय. अनुसूचित जाती-जमातीचा एकही नाही. लिहिणाऱ्याचं घर ज्या आळीत, त्याच्या वाक्यातला कर्ताही त्याच आळीतला. 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० ला निघाला तेव्हा त्याची जाहिरात पैसे घेऊनसुद्धा छापायला 'केसरी' तयार नव्हता. तेव्हा निदान तोंडावर नकार होता. आता आपल्याला दाखवतात, अन् दाखवून गाळतात.

माझा आजा परळच्या एका गिरणीत बदली कामगार होता. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख माणूस बाहेर. तो संप अधिकृतपणे कधी मागं घेतलाच गेला नाही. त्याच वर्षी १५ ऑगस्टला दूरदर्शन रंगीत झालं. आजा म्हणायचा, "चूल इझली त्या साली ह्यांनी पेटीला रंग दिला." पुढं गिरण्यांच्या जागी मॉल उभे राहिले, त्याला टीव्ही 'परळचा कायापालट झाला' म्हणतो. झाला! कुणी केला?

संपादकांना मी विचारलंय, ते पुढच्या अंकात दोन पानं द्यायला तयार आहेत. दोस्तहो, आठवडाभर बातम्या बघा. ज्या वाक्यात कर्ता गायब असेल ते वाक्य तारखेसकट, वाहिनीच्या नावासकट उतरून घ्या, अन् खाली तुमच्या गावातला माहीत असलेला कर्ता लिहा. पोस्टकार्ड चालेल. अक्षर सुवाच्य असू द्या, स्टेन्सिल मलाच कापायचंय.