उदासिनीकरणाचे निव्वळ आयनिक समीकरण : एक चिकित्सा

आम्ल व आम्लारी यांच्या प्रत्येक अभिक्रियेचे निव्वळ आयनिक समीकरण एकच असते, असे विधान अध्यापनात रूढ झाले आहे. प्रस्तुत लेखात या विधानाची चिकित्सा केली आहे.

हायड्रोक्लोरिक आम्ल व सोडियम हायड्रॉक्साइड यांच्या विरल द्रावणांपुरते ते निर्विवाद आहे. सोडियम व क्लोराइड हे प्रेक्षक आयन वगळले की 'हायड्रोजन आयन + हायड्रॉक्साइड आयन → पाणी' एवढेच उरते. तीव्र आम्ल व तीव्र आम्लारी यांच्या बहुतेक जोड्यांत उदासिनीकरणाची उष्णता दर मोलला सुमारे ५७ किलोज्यूल का भरते, याचा उलगडा अऱ्हेनिअसच्या १८८७ मधील विचरण सिद्धांतामुळे याच समीकरणातून झाला.

अडचण सौम्य आम्लापाशी सुरू होते. ०.१ मोलर ॲसेटिक आम्लात शंभरांपैकी जेमतेम एक रेणू विचरित असतो. म्हणून 'ॲसेटिक आम्ल + हायड्रॉक्साइड आयन → ॲसिटेट आयन + पाणी' असेच लिहावयास हवे. यावर असे सांगितले जाते की, हायड्रोजन आयन खर्ची पडताच उरलेले रेणूही विचरित होतात, तेव्हा समीकरण अखेर तेच. हा युक्तिवाद वरवर सयुक्तिक वाटतो. परंतु निव्वळ समीकरण हा आरंभ व अंत यांचा ताळेबंद आहे. विचरणाची ऊर्जा त्यातून गाळता येत नाही. हायड्रोसायनिक आम्लाची उदासिनीकरण उष्णता सुमारे १२ किलोज्यूलपर्यंत घसरते, तर हायड्रोफ्लोरिक आम्लाची सुमारे ६८ पर्यंत चढते, कारण त्याच्या विचरणात उष्णता बाहेर पडते. (सौम्य आम्लाची उष्णता नेहमी कमीच, हे दुसरे लाडके विधानही येथे टिकत नाही.)

अमोनियाच्या द्रावणात हायड्रॉक्साइड आयन नाममात्र असतात. तेथे 'अमोनिया + हायड्रोजन आयन → अमोनियम आयन' असे समीकरण येते आणि त्यात पाणी तयारच होत नाही. बेरियम हायड्रॉक्साइड व सल्फ्युरिक आम्ल यांच्यात तर प्रेक्षक कोणीच उरत नाही. बेरियम सल्फेटचा अवक्षेप तयार होतो आणि द्रावणाची संवाहकता जवळजवळ शून्यावर येते.

हा वाद केवळ लेखनपद्धतीचा नाही. ॲसेटिक आम्लाचे सोडियम हायड्रॉक्साइडने अनुमापन करताना मिथिल ऑरेंज वापरल्यास निम्मे आम्लही संपण्यापूर्वी रंग बदलतो. ॲसिटेट आयन पाण्याकडून प्रोटॉन घेतो, म्हणून ०.१ मोलर द्रावणांत समतुल्य बिंदूचा सामू सुमारे ८.७ असतो व फिनॉल्फथॅलीन निवडावे लागते. समीकरणाच्या उजव्या बाजूस ॲसिटेट आयन कधी दिसलाच नाही, तर विद्यार्थी दर्शकाचे केवळ नाव पाठ करतो.