न्यायाधीशांचे निरंतर विधिशिक्षण : वाशीम जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा

न्यायाधीशास कायदा ठाऊक असतो, हे न्यायव्यवस्थेतील मूलभूत गृहीतक होय. कायदा मात्र स्थिर राहत नाही. ऑल इंडिया जजेस असोसिएशनच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सेवांतर्गत प्रशिक्षणसंस्थांचा आग्रह धरला. पुढे भोपाळ येथे राष्ट्रीय आणि भाईंदरजवळील उत्तन येथे महाराष्ट्र न्यायिक अकादमी उभी राहिली. संस्था झाल्या, परंतु १९९८ साली अकोल्यातून वेगळ्या झालेल्या वाशीमसारख्या शेतीप्रधान जिल्ह्यात या शिक्षणाची खरी कसोटी लागते.

मुलीच्या वाट्याचे उदाहरण येथे उद्बोधक ठरते. महाराष्ट्राने १९९४ सालीच अविवाहित मुलींना सहदायाद मानले होते. हिंदू उत्तराधिकार अधिनियमाची केंद्रीय दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून अमलात आली. त्या दिवशी पिता हयात असणे आवश्यक, असे २०१५ च्या फुलवती प्रकरणात ठरले. २०१८ च्या दानम्मा प्रकरणात तर २००१ साली निवर्तलेल्या पित्याच्या मुलींना वाटा मिळाला. अखेर विनीता शर्मा प्रकरणात ११ ऑगस्ट २०२० रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हा हक्क जन्मसिद्ध असून पिता हयात असण्याची अट नाही, असा निर्वाळा दिला. मधल्या पाच वर्षांत रिसोड वा मानोरा तालुक्यातील एखाद्या लेकीचा दावा कोणत्या निर्णयाच्या आधारे निकाली निघाला, यावर तिची शेतजमीन अवलंबून होती.

तथापि नवा निर्णय सांगितला म्हणजे शिक्षण झाले, ही समजूत सदोष आहे. विनीता शर्मा निर्णयात २० डिसेंबर २००४ पूर्वीच्या नोंदणीकृत वाटपास संरक्षण आहे. तोंडी वाटणी मात्र सार्वजनिक दस्तऐवजांचा आधार असल्यास अपवादानेच मान्य होते. वऱ्हाडात भावांनी तोंडी वाटणी करून तलाठ्याकडे फेरफार नोंदविणे हा जुना परिपाठ. (बहिणीची सही त्यावर असतेच असे नाही.) फेरफाराची नोंद महसुली कामापुरती असते, तिने मालकी सिद्ध होत नाही, हे तत्त्वही तितकेच प्रस्थापित आहे. मग वीस वर्षांपूर्वीचा असा फेरफार त्या अपवादाला पुरेसा मानावा काय? व्याख्यानातील गोषवारा येथे उपयोगी पडत नाही. सातबारा, फेरफार व मराठी साक्षीपुरावा समोर ठेवून केलेला अभ्यासच उपयोगी पडतो. निवाडे इंग्रजीत आणि साक्षी मराठीत, ही अडचण प्रशिक्षणात दुय्यम मानली जाऊ नये.

१ जुलै २०२४ पासून या गरजेला निकड आली आहे. त्या तारखेपूर्वीच्या गुन्ह्यास भारतीय दंड संहिता, नंतरच्या गुन्ह्यास भारतीय न्याय संहिता. त्या दिवशी प्रलंबित असलेल्या खटल्यांना जुनीच प्रक्रिया व जुनाच पुरावा कायदा. एकाच न्यायाधीशाच्या एकाच दिवसाच्या कामकाजात या दोन्ही व्यवस्था एकामागून एक येतात, आणि आरोपीच्या जामिनाचा अर्ज पुढच्या प्रशिक्षणवर्गापर्यंत थांबू शकत नाही.