हळद शिजते ते घर साहित्यात कुठे आहे?

मुस्लिम मराठी साहित्याची चर्चा निघाली की दंगल, तलाक, मोहल्ला आणि अस्मिता हे चार विषय आधी पुढे येतात. ते आमचेच विषय आहेत. १९९२-९३ नंतर लिहिणाऱ्याला सतत कुणाला तरी उत्तर द्यावे लागत होते, हेही खरे. पण उत्तरे देता देता आमचे शेतातले घर लिहायचे राहून गेले. ही तक्रार आधी आमच्या स्वतःविरुद्धच आहे.

हिंगोली जिल्ह्यात वसंत म्हणजे हळदीचे दिवस. वसमत, कळमनुरीकडे फाल्गुनात पाला कापून कंद खणायला घेतले की दोन-तीन एकरांच्या तुकड्यात सगळे घर उतरते. अम्मी आणि फूफी गड्डे व हळकुंडे वेगळी करतात, पोरे वेचतात. पूर्वी कढईखाली हळदीचाच वाळलेला पाला आणि पऱ्हाट्या जाळत. आता भाड्याने कुकर येतो आणि आपली पाळी रात्री दोनलाही लागते. पुढे पंधरा दिवस वाळवण. त्या काळात दादी नमाजाच्या वेळेइतकेच आभाळही पाहते, कारण अवकाळीची एक सर आली की रंग गेला आणि भावही गेला. बहिणीचे लग्न यंदा की पुढच्या साली, हे त्या वाळवणावर ठरते.

या घराला दोन पंचांगे आहेत. शेत चैत्र-वैशाखावर चालते, रोजे चांदवर. हिजरी साल दरवर्षी सुमारे ११ दिवस मागे सरकते आणि ३३ वर्षांत ऋतूंचा फेरा पुरा करते. २०२३ साली पाडवा २२ मार्चला होता आणि पहिला रोजा २४ला. दोन्ही एकाच अमावास्येनंतरचे. एकीकडे सालगड्याचे साल बदलत होते, दुसरीकडे सहरीची तयारी. तोंडात पाण्याचा थेंब नसताना वाफेपुढे उभे राहून हळद उपसायची! शिवाय उश्र दहावा हिस्सा द्यायचा की विसावा, हा वाद. पाणी मोटारीचे म्हणून अब्बा विसावा म्हणणार, आणि दादी म्हणणार, “अल्ला के हिसाब में कंजूसी नक्को.” यात एक अख्खी कादंबरी आहे.

ती आम्हाला सापडली नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) आयबू आहे, फार लोभस माणूस, पण लक्षात राहतो तो मास्तरांच्या सोबतीचा आयबू, त्याची स्वतःची चूल नव्हे. ग्रामीण कथेत मुसलमान बहुधा असाच येतो. तो कुणाच्या तरी दारात उभा असतो, त्याचे दार दिसत नाही. हमीद दलवाईंच्या ‘इंधन’मध्ये (१९६५) घर आहे, गाव आहे, पण ते कोकणातले आणि लेखकाचा सारा रोख गावातल्या तेढीवर. म्हणून ती कादंबरी मोठी झाली, यात शंका नाही. पुढे पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन सोलापूरला १९९० साली भरले. त्याही वर्षी रमजान मार्चअखेरीस लागला होता. म्हणजे संमेलनापासून २०२३पर्यंत चांदचा एक पुरा फेरा झाला, आणि आमचे कथाकार बहुतांशी शहरातच राहिले.

उर्दूकडे वळावे तर तिथली बहार गुल, बुलबुल आणि चमनची, फारसीतून आलेली. मराठी वसंतात आंब्याचा मोहोर आणि कोकिळा. आमच्याकडे याच दिवसांत पानगळ असते, पळस पेटलेला असतो आणि अंगण पिवळे झालेले असते.

काही वर्षांपूर्वी आम्ही वर्गात ‘मौसम-ए-बहार’वर मजमून दिला. एका मुलाने चार ओळी गाइडमधल्या उतरवल्या आणि पाचवी स्वतःची लिहिली: बहार में हम हल्दी उबालते, इसलिए मैं मदरसे नहीं आता. त्या ओळीवर लाल शाईने काट मारली ती आम्हीच, विषयांतर म्हणून. त्या पानावरचे तेवढेच एक वाक्य त्याचे होते.

या अंकाच्या संपादकांना आमची विनंती आहे की पुढच्या वर्षी दोन पाने अशा घरांतून येणाऱ्या लेखनासाठी राखावीत. भाषा शुद्ध नसेल, निम्मी दखनी असेल. ती तशीच छापावी.