परक्यांचे सुराज्य

आर्थर सी. क्लार्क या इंग्रज लेखकाची 'चाइल्डहूड्स एंड' ही कादंबरी १९५३ साली प्रसिद्ध झाली. विद्यार्थिदशेत ती प्रथम वाचली तेव्हा आम्ही तिच्यातील आकाशनौकांनीच दिपून गेलो होतो. यंदा पदवीच्या वर्गापुढे तिच्याविषयी बोलण्याचा योग आला, तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, "इतके चांगले राज्य कोणी आयते आणून दिले, तर ते नको का म्हणावे?" आम्हास तत्काळ उत्तर देता आले नाही, हे कबूल करणे भाग आहे.

कारण क्लार्क यांनी रंगविलेले परग्रहावरचे राज्यकर्ते खरोखरीच चांगले आहेत. मोठमोठ्या नगरांवर एके दिवशी त्यांच्या प्रचंड नौका येऊन स्थिरावतात. त्यांचा मुख्याधिकारी कॅरेलेन संयुक्त राष्ट्रसंघाच्या चिटणिसामार्फत कारभार पाहतो. युद्धे थांबतात, दारिद्र्य नाहीसे होते. जुलूम म्हणावा असा जवळजवळ दिसतच नाही. बैलझुंजीत बैलास जखम होताच तिची वेदना साऱ्या प्रेक्षकांस भोगावयास लावली जाते, आणि तो खेळ तेथेच संपतो! मात्र हे उपकारकर्ते पन्नास वर्षे आपले तोंड दाखवीत नाहीत. पुढे कॅरेलेन प्रकट होतो तो शिंगे, पंख व शेपूट असलेला, ख्रिस्ती चित्रांतल्या सैतानासारखा. आणि त्याच्या दोन्ही हातांवर एकेक मानवी मूल विश्वासाने विसावलेले असते. हे चित्र वाचकांनी ध्यानात ठेवावे.

मराठी वाचकास ही कथा सर्वस्वी परकी वाटू नये. कॅरेलेन स्वतःस दुसऱ्याने ठरविलेले वसाहतीचे धोरण राबविणारा नोकर म्हणवितो. हिंदुस्थानातील इंग्रजी अमलाचा दाखलाही त्याच्या बोलण्यात येतो. आमच्याकडे लोकहितवादींनी १८४८ पासून 'प्रभाकर' पत्रात लिहिलेल्या शतपत्रांत इंग्रजी राज्य ही आपणास शहाणे करण्याची ईश्वरी योजना मानली, आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली सुरू केलेल्या निबंधमालेत त्यांचा कडक समाचार घेतला. चिपळूणकर पुष्कळदा एकांगी लिहीत, असे आमचे मत आहे. तथापि त्या वादाच्या मुळाशी असलेला प्रश्न खोटा नव्हता. शिकवावयास आलेला परका, शिक्षण पुरे झाले हे कोणास विचारून ठरविणार? इंग्रजांच्या बाबतीत उत्तर सोपे झाले, कारण त्यांचा स्वार्थ उघड होता. दादाभाईंनी त्याचा हिशेबच मांडून दाखविला. क्लार्क यांनी तो स्वार्थच काढून टाकला आहे. कॅरेलेन पृथ्वीवरून एक दमडीही नेत नाही. मग आक्षेप कशास घ्यावयाचा?

क्लार्क यांचे पहिले उत्तर असे की, त्या सुवर्णयुगात माणसे सुखी असतात, पण नवे काव्य, नवे संगीत निपजत नाही. ही उणीव जाणवलेले काही लोक एका बेटावर 'न्यू अथेन्स' ही कलावंतांची वसाहत वसवितात. कल्पना उत्तम, पण तेथे निर्माण झालेली एखादी कलाकृती वाचकाच्या मनात घर करील, असे लेखकाने काही दाखविलेले नाही.

दुसरे उत्तर भयंकर आहे. त्याच बेटावर राहणाऱ्या जॉर्ज व जीन ग्रेगसन यांचा मुलगा जेफ्री यास दूरदूरच्या लोकांची स्वप्ने पडू लागतात. मग त्याची तान्ही बहीण, आणि हळूहळू पृथ्वीवरील सारी मुले, एका विश्वमनात विलीन होण्यासाठी पालटत जातात. आईबापांना ती ओळखेनाशी होतात. कॅरेलेन पैसा नेत नाही. नेली जातात ती मुले. तो स्वतः त्या विश्वमनाचा चाकर, सुईणीचे काम करणारा. ते पद त्याच्या जातीस कधीच लाभणार नाही. त्याचे हे दुःख क्लार्क यांनी फार समर्थपणे लिहिले आहे, आणि आमची तक्रार नेमकी येथेच आहे. नियतीचे एवढे मोठे दृश्य उभे राहिले म्हणजे आईबापांची संमती कोणी घेतली होती काय, हे वाचकही विसरतो. मुले गेल्यावर न्यू अथेन्सचे रहिवासी आपले बेट अणुस्फोटाने उडवून देतात. हा प्रसंग लेखक थोडक्यात आटोपतो. तेथे आम्हास चार पाने अधिक हवी होती, आणि विश्वमनाची चार कमी चालली असती.

पुढील तासाला त्या विद्यार्थिनीस कॅरेलेनच्या हातांवरील दोन मुलांचे ते पान पुन्हा वाचावयास सांगण्याचा आमचा विचार आहे.