संज्ञा आणि साहाय्य : ब्रिटनमधील एका अध्यापक-संघटनेच्या परिभाषेविषयी

ब्रिटनमधील ‘युनिव्हर्सिटी अँड कॉलेज युनियन’ ही संघटना १ जून २००६ रोजी दोन जुन्या संघटनांच्या विलीनीकरणातून निर्माण झाली. त्यांपैकी एक ‘असोसिएशन ऑफ युनिव्हर्सिटी टीचर्स’ व दुसरी ‘नॅशनल असोसिएशन ऑफ टीचर्स इन फर्दर अँड हायर एज्युकेशन’. दोन्ही नावांत ‘टीचर्स’ हे पद होते. नव्या नावात ते नाही. अध्यापकांची संघटना स्वतःला अध्यापकांच्या नावाने न ओळखता त्यांच्या कामाच्या ठिकाणावरून ओळखू लागली. हा बदल केवळ सोयीचा नव्हता, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. आपले कोण हे संघटना ज्या शब्दाने ठरविते, त्याच शब्दाने तिचे साहाय्य कोठवर पोहोचणार हेही पुष्कळसे ठरते.

या संघटनेचे क्षेत्र सांगताना तिकडे ‘सक्तीनंतरचे शिक्षण’ या अर्थाची एक संज्ञा वापरतात. ती आता धड राहिलेली नाही. शाळा सोडण्याचे वय सोळा असले, तरी इंग्लंडमध्ये २०१५ पासून अठराव्या वर्षापर्यंत शिक्षणात वा प्रशिक्षणात राहणे बंधनकारक आहे. म्हणजे ‘सक्तीनंतरच्या’ महाविद्यालयांतील कित्येक विद्यार्थी बंधनाखालीच बसलेले असतात. (आपल्याकडे २००९ च्या अधिनियमानुसार सक्ती सहा ते चौदा या वयांपुरती, त्या हिशेबाने आपली नववीही सक्तीनंतरचीच!) संज्ञेची व्याख्या नकारात्मक आहे. ती शिक्षण कशाच्या पुढचे ते सांगते, कसले ते सांगत नाही. म्हणूनच तिच्या पोटात विद्यापीठ, महाविद्यालय, प्रौढशिक्षणवर्ग आणि तुरुंगातील वर्ग हे सर्व एकत्र मावते.

संघटनेचे आत्मवर्णनही असेच ऐसपैस आहे. प्राध्यापक, प्रशिक्षक, संशोधक, ग्रंथपाल, प्रशासकीय सेवक, संशोधन करणारे पदव्युत्तर विद्यार्थी, अशी ती यादी वाढतच जाते. यादी उदार आहे यात शंका नाही. पण यादीत नाव असणे आणि लढ्याच्या साधनांत वाटा असणे या दोन निराळ्या गोष्टी होत. २०१८ साली चौदा दिवसांचा जो गाजलेला संप झाला, तो प्रामुख्याने जुन्या विद्यापीठांच्या निवृत्तिवेतन-योजनेसाठी होता. पुढे प्रदीर्घ तंटा होऊन एप्रिल २०२४ पासून त्या योजनेतील लाभ पूर्ववत झाले. यश मोठे खरे. परंतु महाविद्यालयीन अध्यापक त्या योजनेत नाहीतच. इंग्लंडमधील महाविद्यालये १९९३ पासून स्वतंत्र निगम झाली असून वेतनाविषयीची राष्ट्रीय शिफारस त्यांच्यावर बंधनकारक नाही. त्यामुळे तेथील सभासदासाठी संघटनेला एकेका महाविद्यालयाशी वेगळे भांडावे लागते. ‘सभासद’ हा शब्द एकच, पण त्याचे वजन जागोजागी वेगळे.

तासाच्या मोबदल्यावर शिकविणाऱ्याच्या बाबतीत हा भेद अधिक बोचतो. एप्रिल २०२३ मध्ये संघटनेने उत्तरपत्रिका-तपासणीवर बहिष्कार पुकारला; तो सप्टेंबरपर्यंत चालला. अनेक विद्यापीठांनी बहिष्कारात सहभागी झालेल्यांचे निम्मे, तर काहींनी पूर्ण वेतन कापले. पगारदारास ही कपात अन्याय्य वाटली, आणि ती तशी होतीही. परंतु ज्याला तपासणीच्या तासांचेच पैसे मिळतात, त्याच्या बाबतीत ‘कपात’ हा शब्दच लागू पडत नाही. न केलेल्या तासाचे वेतन मुळात अस्तित्वातच येत नाही. आंदोलनाची भाषा महिन्याच्या पगारावर रचलेली असते. संघटनेचा साहाय्यनिधी त्याची झळ कमी करू शकतो. पायाच वेगळा असल्याचे वैगुण्य त्याने भरून निघत नाही.

याउलट जेथे संघटनेने सांत्वनापेक्षा करारनाम्यातील शब्दावर बोट ठेवले, तेथे तिचे काम खरोखर मोलाचे ठरले. ‘ओपन युनिव्हर्सिटी’तील सुमारे ४,८०० सहयोगी व्याख्याते संघटनेशी झालेल्या करारान्वये ऑगस्ट २०२२ पासून कायम सेवेत आले. मुदतीच्या नेमणुकांची साखळी तुटली, आणि तीही केवळ पदनाम बदलून नव्हे. संशोधक विद्यार्थ्यांना कर्मचारी म्हणा, ही संघटनेची मागणीही याच जातीची आहे. वरवर ती शब्दाची मागणी दिसते. प्रत्यक्षात ‘विद्यार्थी’ या शब्दाआड आजारपणाची रजा, प्रसूतिरजा व किमान वेतन यांचे कायदेशीर हक्क अडलेले असतात. विद्यार्थी म्हणवून घेण्यात ज्यांना मान वाटतो, त्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

मराठीच्या अभ्यासकास येथे घरचे उदाहरण आठवल्याविना राहत नाही. महाराष्ट्रातील महाविद्यालयांत ‘तासिका तत्त्वावर’ नेमणुका होतात. इंग्रजीतील ‘बेसिस’चा हा अनुवाद. ‘तासांच्या हिशेबाने’ असेही म्हणता आले असते. व्यवहार तोच, पण मग त्याला हिशेबाचेच रूप राहिले असते. ‘तत्त्व’ म्हटले की एका तात्पुरत्या तडजोडीला सिद्धान्ताची प्रतिष्ठा येते, आणि जिला वर्षानुवर्षे दर सत्रागणिक नव्या नेमणुकीची वाट पाहावी लागते ती अध्यापिका एखाद्या तत्त्वास बांधलेली भासते. शासननिर्णयांतून हा प्रयोग रूढ झाला. अध्यापकांच्या निवेदनांतही तो जसाच्या तसा येतो.