भयापासून नृत्यापर्यंत : बुद्धलेणीतलं सातवं लेणं

चिकलठाण्याच्या विमानतळावरून शहराकडे निघालेली पर्यटकांची गाडी जालना रस्त्याने मुकुंदवाडी ओलांडते आणि तिथून पुढचा बेत सहसा ठरलेलाच असतो. आज वेरूळ, उद्या अजिंठा, जमलं तर वाटेत देवगिरी. परतताना बीबी का मकबरा आणि पाणचक्की. वेरूळसाठी तीस किलोमीटर आणि अजिंठ्यासाठी शंभर किलोमीटर जायची तयारी असलेला हा पाहुणा मकबऱ्याच्या मागच्या डोंगरात, शहराच्या अगदी कुशीत असलेल्या लेण्यांकडे मात्र फिरकत नाही. पाहुण्यांना काय दोष द्यायचा? मुकुंदवाडी, सिडको, चिकलठाणा या भागात जन्म गेलेल्या पुष्कळांनीही हा डोंगर चढलेला नसतो.

गावातले लोक याला बुद्धलेणी म्हणतात, पुस्तकांत ‘औरंगाबाद लेणी’ असं नाव सापडतं. लेणी एकंदर बारा, तीन गटांत विखुरलेली. पहिल्या पाचांचा एक गट, सहा ते नऊ क्रमांकांचा दुसरा आणि उरलेली तीन अपुरी. सगळ्यांत जुनं चौथं, म्हणजे स्तूप असलेलं चैत्यगृह. ते इसवी सनाच्या आगेमागे खोदलेलं असावं. दर्शनी भाग कोसळलाय, खांबांची बरीच डागडुजी झालीय. मनाशी जुना काळ उभा करायला ते उपयोगी पडतं, पण रेंगाळावं असं तिथे फारसं नाही. पहिलं लेणंही व्हरांड्यापुढे फार गेलं नाही. रेंगाळायचं ते तिसऱ्यात आणि मग, पाय दुखत असले तरी, दुसऱ्या गटातल्या सातव्यात.

तिसरं लेणं पाचव्या शतकातलं, अजिंठ्याच्या उत्तरार्धाचं समकालीन. खांबांवर इतकं बारीक काम आहे की नजर दमते. वरच्या तुळईवर सुतसोम जातकाची गोष्ट कोरलेली आहे. नरभक्षक झालेल्या राजाला बोधिसत्त्व माणसांत आणतो ती कथा. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात हीच गोष्ट रंगांत आहे, आणि खरं सांगायचं तर तिथे ती जास्त खुलते. पण गाभाऱ्यात पाऊल टाकलं की तुलना विसरायला होतं. समोर पाय खाली सोडून बसलेला, धर्मचक्रमुद्रेतला भव्य बुद्ध. आणि त्याच्या पुढ्यात दोन्ही अंगांना गुडघे टेकून बसलेली माणसं! भिंतीवरची चिमुकली नक्षी म्हणून नव्हे, जवळजवळ आपल्या अंगाएवढी, दगडातून बाहेर आलेली. बायका आहेत, पुरुष आहेत. केशरचना भारी, अंगावर दागिने भरपूर, ओठ जाड, हात जोडलेले. हे दाते असावेत असं काही अभ्यासक मानतात. ते कोणी असोत, शिल्पकाराने त्यांना ठोकळेबाज भक्त केलं नाही. प्रत्येक चेहऱ्याला आपलं आपलं वजन आहे. आपण गाभाऱ्यात उभे राहतो ते यांच्या मागे, दर्शनाच्या रांगेत असल्यासारखे. प्रेक्षकाला आधीच आत बसवून ठेवण्याची ही युक्ती मला अजिंठ्यात इतक्या धिटाईने केलेली दिसली नाही.

आता सातवं. तिसऱ्याहून शंभरेक वर्षं नंतरचं, सहाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं मानलं जाणारं. दोन गटांमधलं अंतर किलोमीटरभराचं, त्यामुळे बरेचजण पहिला गट पाहूनच खाली उतरतात आणि उत्तम तेवढं राहून जातं.

व्हरांड्यात, दाराच्या डाव्या अंगाला अवलोकितेश्वर उभा आहे. हातात कमळ, अंगाने ताठ, चेहऱ्यावर घाई कसलीच नाही. त्याच्या दोन्ही बाजूंना चार-चार छोटी दृश्यं, एकाखाली एक. आग लागलीय. तलवार उपसून लुटारू आलाय. बेड्या पडल्यात. जहाज बुडतंय. सिंह, साप, पिसाळलेला हत्ती अंगावर येतायत. आणि आठवं सगळ्यांत अंगावर येणारं : आईजवळचं मूल हिसकावू पाहणारा मृत्यू. त्या त्या संकटात सापडलेली माणसं मधल्या त्या उंच पुरुषाकडे धाव घेतायत. सद्धर्मपुंडरीक सूत्रात अवलोकितेश्वराला समर्पित एक प्रकरणच आहे आणि त्याचं नाव घेतल्याने टळणाऱ्या संकटांची यादी त्यात येते. अजिंठ्याच्या चौथ्या लेण्यात हा विषय आहे, कान्हेरीतही आहे.

यादी जरा निरखून वाचा. ही अरण्यात ध्यानाला बसलेल्या भिक्षूची भयं नव्हेत. जहाज, लुटारू, बेडी, वाटेत आडवा येणारा हत्ती : ही माल घेऊन निघालेल्या माणसाची भयं आहेत. दक्षिणेला पन्नासेक किलोमीटरवर प्रतिष्ठान, म्हणजे आपलं पैठण. तिथून निघालेले तांडे घाट उतरून पश्चिमेच्या बंदरांकडे जात. बुद्धाच्या या भक्तांपैकी किती जणांनी खारं पाणी पाहिलं असेल, किती जणांची माणसं परतली नसतील. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला चिनी यात्रेकरू फाहियान सिंहलद्वीपाहून समुद्रमार्गे मायदेशी निघाला, तेव्हा वादळात त्याने याच अवलोकितेश्वराचा धावा केला होता, असं त्याने स्वतः लिहून ठेवलंय. डोंगरातलं हे बुडतं जहाज त्या काळच्या माणसाला अजिबात परकं वाटलं नसणार.

दार ओलांडून आत गेलं की रचनेतला बदल जाणवतो. अजिंठ्याच्या विहारांत मोठा मंडप आणि मागच्या भिंतीत गाभारा असा क्रम असतो. इथे गाभारा भिंत सोडून लेण्याच्या मध्यभागी आलाय आणि त्याच्याभोवती प्रदक्षिणेची वाट आहे. भिक्षूंना एकत्र बसायची जागा आक्रसली, देवाचं घर मोठं झालं. गाभाऱ्याच्या दाराशी दोन्ही बाजूंना भरदार देहाच्या स्त्रिया उभ्या आहेत, सोबत सेविका आणि बुटके गण. तारा, भृकुटी अशी नावं अभ्यासक सुचवतात. नावांबद्दल मतभेद आहेत, त्यांच्या रुबाबाबद्दल कोणाचे असतील असं वाटत नाही. तिसऱ्या लेण्यात स्त्रिया गुडघे टेकून होत्या. इथे त्या द्वारपाल झाल्या आहेत.

आणि मग गाभाऱ्याच्या डाव्या भिंतीवरचा तो पट. मध्ये नर्तकी, तिच्या दोन्ही अंगांना मिळून सहा वादिका. कोणी बासरी धरलीय, कोणी झांज, कोणी चर्मवाद्य. पुरुष एकही नाही. नर्तकी म्हणजेच तारा असं काहींचं म्हणणं आहे. काहींना हा बुद्धापुढे रुजू केलेला संगीतोपचार वाटतो. मला मांडणी महत्त्वाची वाटते. बाहेर व्हरांड्यात मधली आकृती निश्चल होती आणि तिच्याभोवती आठ दिशांनी पळापळ. इथे नेमकं उलटं : मधोमध गती, आणि कडेला शांत बसून लय धरणाऱ्या सहाजणी. कमरेचा झोल, एका अंगावर गेलेला भार, आणि तरी तोल जराही ढळलेला नाही. सहा वाद्यं मिळून तिला पेलून धरतायत असं वाटतं. ज्या शिल्पकाराने, किंवा ज्या संघाने, हे दोन पट एकाच लेण्यात योजले, त्याला आपण काय करतोय ते पुरतं ठाऊक होतं. भय दाराबाहेर, नृत्य गाभाऱ्यात. आणि या दोन्हींच्या पलीकडे, पाय सोडून बसलेला बुद्ध, जो ना भितो ना डोलतो.

बुद्धाच्या अगदी शेजारी नाच कसा, असा प्रश्न पडणाऱ्यांना हे लेणं आवडणार नाही. महायानातून पुढे तंत्राकडे वळणाऱ्या बौद्ध विचाराची चाहूल इथे लागते असं कारमेल बर्कसन यांच्यासारखे अभ्यासक म्हणतात. त्यांनी १९८६ साली या लेण्यांवर स्वतंत्र पुस्तकच लिहिलं. पण तंत्राचं ज्ञान नसलं म्हणून काही अडत नाही. ज्याला तबल्याची साथ ऐकून मान हलवता येते, त्याला हा पट पुरेसा कळतो.

याच परिसरात गणपती आणि सप्तमातृका बुद्धाच्या सोबतीने कोरलेलं एक छोटं लेणंही आहे. कोण कोणाच्या घरी पाहुणे आले, यावर वाद घालण्यापेक्षा सहाव्या-सातव्या शतकात हे शेजार चालत होते एवढं लक्षात घेतलेलं बरं.

डोंगराच्या पायथ्याच्या बाजूला विद्यापीठ आहे आणि थोडं पुढे नागसेनवन, जिथे बाबासाहेबांनी १९५० मध्ये मिलिंद महाविद्यालय सुरू केलं. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लेण्यांच्या वाटेवर गर्दी उसळते. बाकी वर्षभर मात्र इथे कबुतरं, काही प्रेमी युगुलं आणि एखादा वाट चुकलेला परदेशी अभ्यासक. वेरूळच्या कैलासापुढे हे सगळं लहान आहे, मान्य. पण कैलास पाहताना माणूस थक्क होतो आणि पुढे सरकतो. सातव्या लेण्यात तो थांबतो, कारण तिथे त्याच्या स्वतःच्या भीतीची यादी भिंतीवर लावलेली असते.

जायचं असेल तर पावसाळा संपल्यावर, सकाळी जा. पायऱ्या बऱ्याच आहेत, पाणी बरोबर असू द्या आणि बॅटरी विसरू नका, कारण नर्तकीच्या भिंतीवर उजेड फारच कमी पोचतो. पहिल्या गटात दमून माघारी फिरू नका. आणि मुकुंदवाडीत उतरलेला पाहुणा वेरूळला जायचं म्हणाला, तर त्याला आधी अर्धा दिवस इकडे घेऊन या.